फट

फलाट आणि बस यांच्यामध्ये
एक वीत फट राहते.
नकाशात ती नव्हती.
नकाशात बस फलाटाला अशी लागलेली
जशी होडी धक्क्याला,
भरती पुरती, वारा पडलेला.

मी सड्यावरच्या थांब्याची झाडलोट करते
शेवटची गाडी डेपोत गेली की.
रस्त्याच्या मधोमध थांबा,
दोन्ही अंगांनी ट्रक, मध्ये काच,
काचेत मी आणि माझी बादली.
बाहेरून बघणाऱ्याला वाटत असेल
कुणीतरी मासा पाळलाय.

बस निघून गेली की फट उरत नाही,
नुसता काठ उरतो,
आणि काठाखाली फलाट जिथे आत वळलाय तिथे पोकळी.
लोकांचं सगळं तिथे जातं.
चपला, बहुतेक एकेकट्या.
पॉलिटेक्निकच्या पोराचा गुण्या.
आधार कार्डं दोन.
कानातल्या मशीनची शर्टाच्या बटणाएवढी बॅटरी,
जिच्यासाठी फणसोपकर गुरुजी तीन दिवस येत होते
आणि 'सापडली' म्हणून मी ओरडत होते
ते त्यांना ऐकू येत नव्हतं.

वहीत लिहायचं असतं.
वस्तू. तारीख. कोणी नेली.
तिसरा रकाना बहुतेक कोरा.

हवाबी होडेकरला मात्र
या फलाटाबद्दल वाकडा शब्द खपत नाही.
चाळीस वर्षं मिरकरवाड्याहून
ती लाल गाडीच्या पायऱ्या चढली, पाटी घेऊन.
खालून एकाने द्यायची, वरून एकाने ओढायची,
पाणी मानेवरून पाठीत उतरायचं,
आणि कंडक्टर म्हणायचा, मागे, मागे, अजून मागे.
आता ती पाटी खाली ठेवते
आणि पायाने सरकवते.
एवढंच.
"वाकाचा नाय, चडाचा नाय.
ज्याने ह्या केलान त्याला दुवा लागंल."
कोणी केलं ते मला ठाऊक नाही.
कोनशिलेवर अकरा नावं आहेत,
उंची मोजणाऱ्याचं नाही.

शिवलकर ड्रायव्हर असला की फट दोन बोटं.
तो आरशात बघत नाही,
टायर कडेला घासल्याचा आवाज ऐकतो.
नवा पोरगा असला की वीत, दीड वीत.
हवाबी आधी काचेतून बघते कोण चालवतोय,
मग पाटीवरचा हात काढते.

मार्गशीर्षात एका बुधवारी नवा पोरगा होता.
पाटी अर्धी आत, अर्धी बाहेर,
आणि गाडी हलली.
सगळे बांगडे खाली.
आतल्यांनी रुमाल काढले.
पोरगा उतरला, इकडे तिकडे बघितलं,
आणि इस्त्रीच्या युनिफॉर्मात फलाटावर पालथा पडला,
खांद्यापर्यंत हात फटीत.
बोटं जेमतेम टेकत होती.
एकेक बांगडा वर येत होता, मातीने माखलेला,
आणि हवाबी मोजत होती, मोठ्याने,
मागच्या दोन गाड्या हॉर्न मारत असताना.
साठातले एकोणचाळीस.
बाकीच्यांचे पैसे देतो म्हणाला.
तिने घेतले. सुट्टेसुद्धा.

दुसऱ्या दिवसापासून त्याची फट चार बोटांवर आली.
पुढच्या आठवड्यात परत वीत.

मी वहीत लिहिलं,
बांगडे, एकवीस.
कोणी नेले : मांजरं.
साहेबांनी त्यावर लाल पेनने प्रश्नचिन्ह काढलं.

आता रबराची पट्टी बसवणार आहेत.
शनिवारी माणूस येऊन माप घेऊन गेला.
पोकळी रिकामी करून ठेवा म्हणाला.
रात्री बॅटरी मारली तर आत, अगदी कोपऱ्यात,
कुणाच्या तरी डब्यातून पडलेला बाठा.
फुटलेला.
चार पानं, तांबूस, ओली नसून ओली वाटणारी,
दांडा काठाकडे वाकडा, जिकडून उजेड येतो.
दिवसाला किती गाड्या जात असतील त्याच्यावरून.

वही उघडली.
वस्तू लिहिली. तारीख कुठली लिहू कळेना,
पडल्याची की दिसल्याची.
तिसऱ्या रकान्यात पेन टेकवून
बराच वेळ बसले, शाईचा ठिपका पडला.

पट्टी सोमवारी बसणार आहे.